ख्रिसमस ट्री नेमकं आलं कुठून? (आणि आमच्या लॉबीत ठेवायचं कोणतं?)

वेलदोडा | १६ डिसेंबर, रात्री १०:१२

मंडळी, सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस रणकंदन चाललंय, म्हणून इथे आले. निमित्त क्षुल्लक आहे. लॉबीतलं प्लास्टिकचं ख्रिसमस ट्री सहा वर्षांचं झालंय. उभं केलं की झाडापेक्षा फरशीच जास्त हिरवी दिसते. यंदा नवं घ्यायचं का, एवढाच प्रश्न मी टाकला होता.

त्यावर बी विंगमधल्या काकांचं म्हणणं, "हे झाड ख्रिश्चनांचं नाहीच, पाच हजार वर्षं जुनं आहे, इजिप्तपासून चालत आलंय." दुसऱ्यांनी सांगितलं की प्रॉटेस्टंट पंथाचा जनक मार्टिन ल्यूथर याने जंगलातून जाताना झाडाआडून तारे चमकताना पाहिले आणि घरी येऊन झाडावर मेणबत्त्या लावल्या. तिसरे म्हणाले, कोका-कोलाने आणलं. चौथे म्हणाले, ग्रुपवर फक्त पाण्याच्या टँकरबद्दल बोला.

तर प्रश्न दोन. एक, ही प्रथा खरोखर कुठे आणि कधी सुरू झाली आणि जगभर कशी पसरली? दोन, पुण्याच्या हवेत जगेल असं खरं झाड कोणतं? टँकर नको, माहिती द्या.

टिंगलटवाळ | १६ डिसेंबर, रात्री १०:१९

कोका-कोलावर सांताक्लॉजचं बिल आधीच फाडलंय, आता झाडाचंही? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रोखठोक_राव | १६ डिसेंबर, रात्री १०:४४

बी विंगवाले काका बरोबर आहेत. रोमन लोक डिसेंबरात सॅटर्नेलिया साजरा करायचे, तेव्हा घरं हिरव्या फांद्यांनी सजवायचे. जर्मानिक टोळ्या झाडांची पूजा करायच्या. चर्चने ते सगळं उचललं आणि त्यावर आपलं नाव घातलं. यात नवीन काय?

जुनाट_पेटी | १७ डिसेंबर, सकाळी ७:३५

रावसाहेब, थोडं थांबा. हिवाळ्यात हिरव्या डहाळ्या घरात आणणं जुनं आहे, हे मान्य. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला तर्तुल्लियन नावाचा ख्रिस्ती लेखक कुरकुर करतो की आपल्याच लोकांच्या दारांवर दिवे आणि लॉरेलची पानं लटकलेली दिसतात. पण दाराला डहाळी बांधणं आणि अख्खं झाड दिवाणखान्यात उभं करून त्याला खाऊ टांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या हजारेक वर्षांत पहिलीपासून दुसरीपर्यंत नेणारा सलग दुवा कागदोपत्री मिळत नाही. दारावरच्या आंब्याच्या तोरणावरून गुढीचा इतिहास लिहायला बसण्यातली गत.

बोनिफेसची गोष्टही फिरते. या संताने आठव्या शतकात गाइस्मार इथे डोनार देवाचा ओक तोडला, ही नोंद खरी आहे. त्याच्या चरित्रात पुढे काय आहे? त्या लाकडातून प्रार्थनाघर बांधलं. ओकच्या मुळाशी फरचं (हे सूचीपर्णी झाड) रोपटं उगवलं, हा भाग त्या चरित्रात नाहीच. तो कित्येक शतकांनी चिकटवलेला आहे.

झाडाचा माग जिथे पक्का लागतो ती जागा म्हणजे आल्सास, आजच्या फ्रान्समधला ऱ्हाइन नदीचा वरचा काठ. सेलेस्ता नावाच्या छोट्या गावाच्या १५२१ सालच्या जमाखर्चात एक नोंद आहे: सेंट थॉमसच्या दिवसापासून झाडं राखायला वनरक्षकांना चार शिलिंग. म्हणजे २१ डिसेंबरपासून लोक झाडं तोडून न्यायचे आणि गावाला त्यावर पहारा बसवावा लागला. पुढे १५७० मध्ये ब्रेमेनच्या एका गिल्डची नोंद सापडते. गिल्ड म्हणजे कारागिरांचा संघ. त्यांच्या कचेरीत छोटं झाड, त्याला सफरचंदं, सुकामेवा, खजूर, कागदी फुलं. नाताळच्या दिवशी सभासदांच्या पोरांनी ते हलवायचं आणि पडेल ते खायचं.

आणि १६०५ मध्ये स्ट्रासबुर्गमधला एक निनावी माणूस लिहून ठेवतो की इथले लोक नाताळात घरात फरची झाडं उभी करतात आणि त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ बिस्किटं, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ टांगतात. दिव्यांचा पत्ता नाही.

म्हणजे वय पाच हजार नाही, पाचशेच्या आसपास.

खारी_आणि_चहा | १७ डिसेंबर, सकाळी ८:०२

चार शिलिंगची नोंद वाचून गहिवरून आलं. सगळ्या प्रथांचा पहिला पुरावा म्हणजे कोणीतरी केलेली तक्रार किंवा कोणाला तरी झालेला दंड. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचा इतिहास पोलीस चौकीतच सलग मिळेल.

रोखठोक_राव | १७ डिसेंबर, सकाळी ९:१०

लिहिलेलं नाही म्हणजे झालंच नाही असं कुठे असतं? खेडुतांच्या प्रथा कोण लिहून ठेवत होतं?

जुनाट_पेटी | १७ डिसेंबर, सकाळी ११:२०

रास्त मुद्दा. पण बघा, या पहिल्या नोंदी खेड्यातल्या नाहीत. शहर, गिल्ड, कचेरी, नगरपालिकेचा हिशोब. रानातल्या प्राचीन परंपरेचा अवशेष असता तर तो आडगावी जास्त आणि शहरात कमी दिसला असता. इथे उलटं आहे. खेड्यांत झाड फार उशिरा पोचलं.

झाडावर सफरचंदच का, याला एक बरं उत्तर आहे. २४ डिसेंबर हा जुन्या पंचांगात आदम आणि हव्वेचा दिवस. मध्ययुगात त्या सुमारास स्वर्गातून हकालपट्टीचं नाटक व्हायचं. हिवाळ्यात पानं असलेलं झाड म्हणजे फर, आणि त्याला फळं हवीत म्हणून सफरचंदं बांधायची. त्या 'स्वर्गवृक्षा'वरून घरातलं झाड आलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. तेही अनुमानच, पण निदान काळ आणि जागा जुळतात.

ल्यूथरचं म्हणाल तर त्याच्या हयातीतला एकही पुरावा नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन चित्रकारांनी ल्यूथर, त्याची बायको, मुलं आणि मधोमध उजळलेलं झाड अशी चित्रं काढली आणि ती घरोघरी लागली. गंमत म्हणजे सतराव्या शतकात स्ट्रासबुर्गचाच एक ल्यूथरपंथी धर्मपंडित, डानहाउअर, या झाडावर चिडलेला होता. पोरांना बायबल शिकवायचं सोडून ही बाहुल्या-साखरेची थेरं काय, असं त्याचं म्हणणं.

टिंगलटवाळ | १७ डिसेंबर, सकाळी ११:२६

"आमच्या वेळी असं नव्हतं": स्ट्रासबुर्ग शाखा, स्थापना सतरावं शतक.

ऱ्हाइनकाठची | १७ डिसेंबर, दुपारी ४:४८

मी कार्ल्सरुहमध्ये राहते, स्ट्रासबुर्ग इथून तासाभरावर. दर डिसेंबरात जाणं होतं, कारण तिथे आल्सासवाले "आमचंच पहिलं" म्हणून छाती फुगवून सांगतात आणि आम्ही गरम मसाला घातलेली वाइन पीत ऐकतो. (उत्तरेकडे रिगा आणि टालिनवालेही हाच दावा करतात, रिगा १५१० आणि टालिन १४४१ सांगून. तिथल्या व्यापारी संघाने चौकात काहीतरी उभं करून भोवती नाच केला हे खरं, पण ते झाड होतं की फुलापानांनी मढवलेला खांब यावर अजून वाद आहे.)

इथली एक गोष्ट मला सुरुवातीला कळली नव्हती. आपल्याकडे मॉलमध्ये नोव्हेंबरातच झाड उभं राहतं. इथल्या जुन्या वळणाच्या घरांत ते २४ तारखेलाच सजवतात. दिवसभर दिवाणखान्याचं दार बंद. संध्याकाळी घंटी वाजते, दार उघडतं आणि पोरांना झाड आणि भेटवस्तू एकदमच दिसतात. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी आम्हाला बोलावलं होतं. झाडावर खऱ्या मेणबत्त्या! चिमट्याच्या वाट्यांत लावलेल्या. कोपऱ्यात पाण्याची बादली, आणि आजोबा लांब काठीला ओला स्पंज बांधून पहारेकऱ्यासारखे उभे. नवरा अख्खी संध्याकाळ दाराजवळच्या खुर्चीवर बसून होता.

६ जानेवारीनंतर झाडं रस्त्याच्या कडेला येतात आणि पालिकेची गाडी घेऊन जाते. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात न विकलेली झाडं हत्तींना देतात. फक्त न विकलेली, कारण घरातल्या झाडावर तारा नाहीतर रसायनं राहिलेली असू शकतात.

अबोली_पण_बोलकी | १७ डिसेंबर, संध्याकाळी ५:१५

हत्ती आणि स्पंजवाले आजोबा, दोघांनाही नमस्कार. वाचतेय.

वसईची_वाट | १७ डिसेंबर, रात्री ९:३०

आमच्या वसईत नाताळ म्हटलं की आधी गोठा, मग कंदील, आणि झाड तिसऱ्या नंबरावर. माझ्या लहानपणी गावात झाड असलेली घरं बोटांवर मोजावी लागत. गोठा मात्र प्रत्येक अंगणात. महिनाभर आधी थाळ्यात नाचणी पेरायची, म्हणजे २४ तारखेला बाळ येशूच्या गोठ्यापुढे हिरवंगार शेत तयार. गवत, माती, जुन्या गोणपाटाचे डोंगर, आरशाच्या तुकड्याचं तळं. आमच्या तळ्यात एकदा प्लास्टिकचा डायनासोर होता, धाकट्याने हट्टाने ठेवलेला. फादर बघून गेले, काही बोलले नाहीत.

झाड आलं तेही सुरूचं. वसईच्या किनाऱ्यावर 'सुरूची बाग' नावाचीच जागा आहे, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. सुरूची फांदी आणायची, वाळू भरलेल्या डब्यात रोवायची आणि कापसाचा बर्फ. आता फांद्या तोडू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

झाड आमच्याकडे उशिरा का आलं, हे पेटीवाल्यांना माहीत असेल तर सांगा.

जुनाट_पेटी | १७ डिसेंबर, रात्री १०:०५

वसईताई, त्यात आश्चर्य नाही. बराच काळ झाड ही प्रॉटेस्टंट घरांची खूण होती आणि गोठा कॅथलिक घरांची. गोठा तर झाडापेक्षा कितीतरी जुना. फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल आणि गाढव आणून देखावा केला, ती त्याची गाजलेली सुरुवात. जर्मनीतसुद्धा कॅथलिक भागांनी झाड एकोणिसाव्या शतकातच आपलंसं केलं. आणि व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चौकात पहिलं झाड कधी उभं राहिलं? १९८२! पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात. तेव्हा तुमच्या गावात झाड उशिरा आलं असेल, पण पोपच्या अंगणातही उशिराच आलं.

मडगांवचो_पाव | १७ डिसेंबर, रात्री ११:४०

गोंयांतही तसंच, गोठो आणि नखेत्र (ताऱ्याचा कंदील) आधी. पण यात एक धागा आहे. विल्हेल्म, आल्बर्ट वगैरे जर्मन राजपुत्र त्या काळी युरोपभर जावई म्हणून निर्यात होत असत. व्हिक्टोरियाच्या आल्बर्टचा चुलतभाऊ फर्डिनांड पोर्तुगालची राणी मारिया दुसरी हिचा नवरा. त्याने १८४० च्या दशकात लिस्बनच्या राजवाड्यात मुलांसाठी झाड उभं केलं आणि स्वतः सेंट निकोलसच्या वेशात भेटी वाटल्या, त्याने स्वतः काढलेली चित्रंही आहेत. म्हणजे लंडन आणि लिस्बन, दोन्हीकडे झाड एकाच घराण्याने नेलं. आमच्याकडे मात्र घरात अजून पहिला मान नेवऱ्यो आणि दोदोल करणाऱ्या हातांचा. झाडाला कोण विचारतो.

वेलदोडा | १८ डिसेंबर, सकाळी ८:५०

किती सुंदर! सगळं ग्रुपवर टाकतेय. बी विंगवाले काका "पाचशे की पाच हजार, एक शून्य इकडेतिकडे" म्हणाले.

न्यूजर्सीचा_नंदू | १८ डिसेंबर, सकाळी ९:०५ (इथे रात्र आहे)

पसरलं कसं, याचं उत्तर माझ्या मते एका चित्रात आहे. १८४८ च्या डिसेंबरात 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने विंडसरचं चित्र छापलं. मेजावर झाड आणि भोवती व्हिक्टोरिया, आल्बर्ट आणि मुलं. (हो, मेजावर. तेव्हाची झाडं छोटी असायची.) इंग्लंडच्या राजवाड्यात झाड त्याआधीही होतं. तिसऱ्या जॉर्जची जर्मन राणी शार्लट हिने १८०० मध्ये विंडसरला मुलांच्या मेजवानीसाठी यू जातीचं झाड सजवलं होतं. पण तेव्हा ते दरबाऱ्यांपुरतं राहिलं. छापील चित्र आलं आणि मध्यमवर्गाने उचललं.

खरी मजा १८५० ची. अमेरिकेतल्या 'गोडीज लेडीज बुक' या बायकांच्या मासिकाने तेच चित्र घेतलं, पण राणीचा मुकुट आणि आल्बर्टची मिशी, पट्टा, मानचिन्हं खोडून टाकली. झालं अस्सल अमेरिकन कुटुंब!

टिंगलटवाळ | १८ डिसेंबर, सकाळी ९:११

मिशी काढली की माणूस अमेरिकन होतो? काकांना सांगतो, व्हिसाचे पैसे वाचतील.

खारी_आणि_चहा | १८ डिसेंबर, सकाळी ९:४०

हे आपल्याकडे जसंच्या तसं घडलंय. गणपती घरोघरी बसतच होता, १८९३ नंतर पुण्यात तो चौकात आला आणि 'केसरी'ने तो महाराष्ट्रभर नेला. छापखाना नसता तर दोन्ही उत्सव आपापल्या गल्लीत राहिले असते.

रोखठोक_राव | १८ डिसेंबर, सकाळी १०:०२

गणपतीची तुलना नको. तिथे राजकीय हेतू होता, इथे राणीची नक्कल.

खारी_आणि_चहा | १८ डिसेंबर, सकाळी १०:३०

इथेही राजकारण आहेच. १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात जर्मन सैन्याच्या छावण्यांत आणि इस्पितळांत झाडं उभी केली गेली. युद्धानंतर आल्सास जर्मनीकडे गेलं, तेव्हा जे आल्सासी लोक फ्रान्समध्ये निघून गेले त्यांनी झाड बरोबर नेलं. एकच झाड, एका बाजूला जर्मनपणाची खूण आणि दुसऱ्या बाजूला गमावलेल्या गावाची आठवण.

नगरी_भेळ | १८ डिसेंबर, दुपारी १:१५

मी नगरचा, घरात चार पिढ्या मराठी ख्रिस्ती, प्रॉटेस्टंट. वरची "झाड प्रॉटेस्टंटांचं" ही वाटणी आमच्याकडे इतकी सरळ बसत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये नगरला. ते न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतले. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. पुढे दंड गेला, पण नाताळची सरकारी सुट्टी मिळायला १८५६ उजाडलं. तेव्हा मुंबईत उतरलेल्या त्या पहिल्या मंडळींच्या सामानात झाड असण्याचं काही कारण नव्हतं.

आमच्या घरी नाताळ म्हणजे पहाटेची भजनं, टाळ-मृदंगावर. करंज्या, शंकरपाळे. झाड मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या स्नेहसंमेलनात, खराट्याच्या काड्यांना क्रेप कागद गुंडाळून केलेलं. आजी म्हणाली, "खराटा उलटा का धरलाय?"

ऱ्हाइनकाठची | १८ डिसेंबर, दुपारी ३:०७

नगरी भेळ, तुमच्या खराट्याला इतिहास आहे! जर्मनीत एकोणिसाव्या शतकातच कृत्रिम झाडं निघाली, हंसाची पिसं हिरवी रंगवून तारेवर गुंडाळलेली. बाजारात अजून जुनी पिसांची झाडं मिळतात, किंमत ऐकून नुसतं हात लावून परत यायचं.

अबोली_पण_बोलकी | १८ डिसेंबर, दुपारी ३:३३

ते चकचकीत काचेचे गोळे कुठून आले मग?

ऱ्हाइनकाठची | १८ डिसेंबर, दुपारी ४:००

थुरिंगियातलं लाउशा गाव. काच फुंकणाऱ्यांची वस्ती. १८४० च्या दशकात तिथे काचेची फळं आणि गोळे होऊ लागले. खरी सफरचंदं परवडेनात म्हणून एका गरीब कारागिराने काचेची केली, असं गावात सांगतात. सांगतात हं. पोरंबाळं, म्हातारी, सगळं घर त्यात राबायचं: एकजण फुंकणार, एकजण आतून चांदीचा मुलामा देणार, एकजण रंगवणार. पुढे अमेरिकन दुकानदार वुलवर्थने ते गोळे १८८० च्या दशकात मागवायला सुरुवात केली आणि गाव जगाला पुरवू लागलं.

न्यूजर्सीचा_नंदू | १८ डिसेंबर, संध्याकाळी ७:२०

आणि विजेची माळ आमच्याकडची. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने २२ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या घरात झाडावर लाल, पांढरे आणि निळे ८० दिवे लावले. शिवाय झाड विजेवर गोल फिरायचं. आपल्या गणपतीपुढच्या फिरत्या चक्राचे आजोबाच.

रॉकफेलर सेंटरचं झाड बघायला जाऊन गर्दीत चेंगरून येणाऱ्यांसाठी: तिथलं पहिलं झाड १९३१ मध्ये मंदीच्या काळात बांधकाम मजुरांनी उभं केलं. वीस फुटी, कागदाच्या आणि क्रॅनबेरीच्या माळा. अधिकृत सोहळा १९३३ पासून.

समोवार | १८ डिसेंबर, रात्री १०:५०

कोणीच रशियाचा विषय काढला नाही, म्हणून. आमच्या घरी लाल पुठ्ठ्याची सोव्हिएत मराठी पुस्तकं होती. त्यांत मुलं झाडाभोवती फेर धरायची, पण नाताळ कुठेच नाही, नवीन वर्ष! लहानपणी मी समजून चालले होते की ख्रिसमस ट्री हा ३१ डिसेंबरचाच प्रकार.

मागची गोष्ट अशी की क्रांतीनंतर धर्मविरोधी मोहिमेत १९२० च्या दशकाअखेर झाडावर बंदीसारखीच परिस्थिती आली. मग २८ डिसेंबर १९३५ ला 'प्रावदा' या कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तमानपत्रात पावेल पोस्तिशेव या सोव्हिएत नेत्याचं पत्र छापून आलं की श्रीमंतांच्या पोरांना मिळायची ती मजा कामगारांच्या मुलांना का नको? तीन दिवसांत झाडं उभी करायची. टोकावर बेथलेहेमच्या ताऱ्याऐवजी लाल तारा. झाड तेच, तारीख आठवडाभर सरकली. पोस्तिशेव यांना मात्र १९३८ मध्ये अटक झाली आणि १९३९ मध्ये गोळ्या घातल्या. झाड टिकलं.

टिंगलटवाळ | १८ डिसेंबर, रात्री १०:५८

यावर विनोद सुचत नाहीये. पास.

रोखठोक_राव | १९ डिसेंबर, सकाळी ७:१५

समोवार, हा प्रतिसाद आवडला. म्हणजे खूण बदलून झाड तेच ठेवता येतं हे तर सिद्ध झालं ना? मग रोमनांचं झाड ख्रिश्चनांनी का उचललं नसेल?

जुनाट_पेटी | १९ डिसेंबर, सकाळी ७:५०

उचलता येतं, नक्कीच. फक्त पोस्तिशेवचं पत्र तारखेसह आपल्या हातात आहे. तसं एक पत्र रोमहून आणा, मी तुमच्या बाजूने धागा काढतो.

रोखठोक_राव | १९ डिसेंबर, सकाळी ७:५८

रोमच्या पोस्टाला विचारतो.

वेलदोडा | १९ डिसेंबर, सकाळी ११:००

इतिहास झाला, ग्रुप शांत आहे (टँकर आला). आता माझा दुसरा प्रश्न! खरं झाड कोणतं? नर्सरीत "ख्रिसमस ट्री" म्हणून कुंडीतलं चार फुटी काहीतरी दाखवलं, थरांथरांच्या फांद्या, अगदी छत्रीच्या काड्यांसारख्या. घ्यावं का?

पानगळ | १९ डिसेंबर, दुपारी १२:४०

आला माझा विषय. सुरुवात सुरूपासून करते, कारण वरती सगळ्यांनी त्याला पाइनचा भाऊ समजून घेतलंय. सुरू सूचीपर्णी नाही. तो सपुष्प वृक्ष आहे. ज्याला आपण सुया म्हणतो त्या बारीक हिरव्या डहाळ्या आहेत. सुई घेऊन हलकेच ओढा, सांध्यावर तुटते आणि त्या सांध्यावर दातांसारखे खवले दिसतात, ती खरी पानं. मुळांवरच्या गाठींत नत्र धरून ठेवणारे जिवाणू असतात, म्हणून नुसत्या वाळूत वाढतो. वसईच्या किनाऱ्यावर उगाच नाही लावला.

युरोपात हल्ली सगळ्यांत जास्त खपतं ते नॉर्डमन फर. ते मूळचं कॉकेशसचं. जॉर्जियाच्या राचा भागात माणसं तीस मीटर उंच झाडांवर चढून शंकू काढतात, त्या बियांची झाडं डेन्मार्क-जर्मनीच्या शेतांत वाढतात. माणसाएवढं व्हायला आठ-दहा वर्षं. पुण्यात ते लावायचा विचारही करू नका, उन्हाळ्यात तुमच्यादेखत प्राण सोडेल. मोरपंखीला दिवे लावणारेही भेटतात. जगते बिचारी, पण आकार मशालीसारखा.

तुम्हाला नर्सरीवाल्याने दाखवलं ते अरोकेरिया. आपल्याकडे बंगल्यांत, शाळांत, जुन्या कँपात दिसतं ते हेच. नावाने नॉरफोक आयलंड पाइन म्हणून विकतात, पण बऱ्याचदा ते त्याचं भावंड असतं, न्यू कॅलेडोनियाचं कुक पाइन. दोन्ही खरे पाइन नव्हेत. १७७४ मध्ये कॅप्टन कुकने नॉरफोक बेटावर ही सरळसोट झाडं पाहिली आणि त्याला वाटलं जहाजांच्या डोलकाठ्यांची सोय झाली. लाकूड ठिसूळ निघालं.

आणि कुक पाइन सरळ वाढत नाही! २०१७ च्या एका अभ्यासात पाच खंडांतली २५६ झाडं मोजली. सरासरी साडेआठ अंश कलती, आणि बहुतेक सगळी विषुववृत्ताच्या दिशेने. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. कारण अजून नीट उलगडलेलं नाही.

टिंगलटवाळ | १९ डिसेंबर, दुपारी १२:४४

पुण्याचं झाड आणि झुकतं?? खोटं आहे हे.

खारी_आणि_चहा | १९ डिसेंबर, दुपारी १२:५१

झुकत नाही ते. कोल्हापूरकडे बघून नाक मुरडतं.

कोल्हापुरी_मसाला | १९ डिसेंबर, दुपारी १:०३

रस्सा खायला वाकलंय, जेवू द्या की त्याला.

पानगळ | १९ डिसेंबर, दुपारी १:३०

हसा. पण आज बाहेर पडाल तेव्हा बंगल्यातलं उंच झाड बघा आणि मोबाइलवर होकायंत्र लावा, मग बोलू.

वेलदोडा, घ्या ते झाड. ऊन हवं, कुंडीत पाणी साचू देऊ नका. शेंडा मोडला तर झाडाचा आकार बिघडतो. म्हणून टोकावर जड तारा लावू नका, आणि माळ एलईडीचीच. जमिनीत लावणार असाल तर इमारतीपासून लांब, ते पाच-सहा मजले सहज गाठतं.

वसईची_वाट | २० डिसेंबर, रात्री ८:१५

होकायंत्र लावून पाहिलं. आमच्या चर्चच्या आवारातलं खरोखर दक्षिणेला झुकलंय. वीस वर्षं वाटत होतं की वादळाने वाकलं. पानगळताई, तुम्ही थोर आहात.

वेलदोडा | २६ डिसेंबर, सकाळी १०:२०

अहवाल. अरोकेरिया आणलं, साडेतीन फुटी. मुलांना स्ट्रासबुर्गची यादी वाचून दाखवली, त्यांनी कागदाचे गुलाब केले. वर्ख मिठाईवाल्याकडे मागितला तर तो म्हणाला, "झाडाला?", म्हणून सोनेरी कागदावर भागवलं. छोटी सफरचंदं जाड दोऱ्याने कुंडीच्या काठाला आणि खालच्या फांद्यांना बांधली, वरच्या फांद्या वाकत होत्या. बी विंगवाल्या काकांनी स्वतःहून येऊन गोणपाट टाकलं आणि शेजारी गोठा मांडला. त्यात एक डायनासोर आहे. कोणी ठेवला माहीत नाही, मी वसईताईंचा प्रतिसाद ग्रुपवर टाकला होता एवढंच.

सफरचंदं चोवीस बांधली होती. आज सकाळी पंधरा आहेत.

जुनाट_पेटी | २६ डिसेंबर, सकाळी १०:४१

ब्रेमेनच्या गिल्डची पोरं यापेक्षा वेगवान होती.

पानगळ | २६ डिसेंबर, सकाळी ११:०५

छान! दोरे मात्र आजच सोडा, फांदीला काचतात. आणि कुंडी आता लॉबीतून बाहेर उन्हात काढा. कुठे ठेवताय?

वेलदोडा | २६ डिसेंबर, सकाळी ११:१२

गेटजवळ, भिंतीला लागून. भिंत दक्षिणेला आहे. सरकवू का?

पानगळ | २६ डिसेंबर, सकाळी ११:१३

सरकवा.